स्फोर्त्सातो करताना या चुका टाळा

स्फोर्त्सातो ही इटलीतल्या वाल्तेल्लीनाची रेड वाइन. वाल्तेल्लीना हे लोम्बार्दी प्रांताच्या उत्तर टोकाचं, स्वित्झर्लंडला खेटलेलं आल्प्समधलं खोरं. आद्दा नदी इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिच्या उजव्या काठाचा डोंगर दिवसभर दक्षिणेचं ऊन खातो. त्या उतारावर नुसत्या दगडांचे बांध रचून पायऱ्या काढल्या आहेत आणि त्यांवर नेब्बिओलो ही लाल वाइनची द्राक्षजात लावलीय. तिकडे तिला क्यावेन्नास्का म्हणतात. हे बांध एकापुढे एक धरले तर सुमारे २,५०० किलोमीटर भरतात. बहुतेक पायऱ्यांवर ट्रॅक्टर जातच नाही. एवढ्या कष्टानं पिकवलेली द्राक्षं सुकवून जी ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन करतात ती स्फोर्त्सातो. २००३ साली तिला डीओसीजी, म्हणजे इटालियन वाइनचा सर्वांत वरचा अधिकृत दर्जा, मिळाला. अल्कोहोल किमान १४ टक्के लागतं. ती बिघडते ती बहुतेक वेळा टाकीत नाही, त्याच्या कितीतरी आधी.

द्राक्ष जास्त पिकू देणं

सुकवायचंच आहे तर गोडी पूर्ण भरू द्यावी, असं वाटतं. इथेच पहिली गफलत होते. ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप. २१ ब्रिक्सच्या द्राक्षाचं वजन ३० टक्के घटलं की ढोबळ हिशोबानं ३० ब्रिक्स होतात. २४ ला तोडलं तर ३४ च्या घरात जातं, आणि एवढी साखर यीस्टला झेपत नाही. शिवाय पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात आम्लता उतरते आणि साल नरम पडते. म्हणून स्फोर्त्सातोचे घड नेहमीच्या तोडणीच्या थोडे आधीच काढतात, तेही विरळ मण्यांचे. गच्च घडाच्या पोटात एक मणी फुटला तरी बाहेरून कळत नाही.

सुकवण्याची घाई

आपल्याकडे द्राक्ष सुकवायचं म्हटलं की तासगावचा बेदाणा डोळ्यांपुढे येतो. तिथे डिपिंग ऑइलनं सालीवरचं मेण काढतात, म्हणजे पाणी झपाट्यानं उडून दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. वाल्तेल्लीनात नेमकं उलटं हवं असतं. तोडणीनंतर मणी काही काळ जिवंत असतो. तो श्वास घेतो, मॅलिक आम्ल जाळतो, त्याचे सुगंध बदलतात. या बदलांना वेळ लागतो. घड हवेशीर माळ्यावर, ज्याला तिथे फ्रुत्तायो म्हणतात, डिसेंबरपर्यंत किंवा त्याहूनही पुढे राहतात. हीटर लावून हे काम लवकर उरकलं तर साखर वाढते, पण वाइनला ती खोली येत नाही. पंखे मात्र जरूर ठेवा, पावसाळी दमट दिवसांसाठी.

क्रेटमध्ये घडांचा एकच थर हवा. दुसरा थर रचला की खालच्या घडांना हवा मिळत नाही आणि करडी बुरशी धरते. दर काही दिवसांनी क्रेट हलवा, घड उचलून खालची बाजू बघा, नाकाजवळ धरा. व्हिनेगरसारखा वास आला तर तो घड बाजूला काढा, "थोडंसं चालतं" म्हणू नका. या बुरशीतलं लॅकेज नावाचं विकर रंग तपकिरी करतं आणि वाइन टिकवायला घालतात त्या सल्फाइटलाही सहजासहजी दबत नाही. माझ्या मते सगळ्या कामात हीच निवड सर्वांत महत्त्वाची आहे, आणि माणसांची मजुरी वाचवायला सर्वांत आधी तिलाच कात्री लागते.

फर्मेंटेशन अडकलं तर

रस भरायचा तो ऐन हिवाळ्यात. तळघर गार, साखर भरपूर. यीस्ट कोरडंच वरून भुरभुरवू नका. कोमट पाण्यात भिजवून, रसाच्या तापमानाशी जुळवून घाला. दोहोंत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. ब्रिक्स रोज मोजा. दोन-तीन दिवस आकडा जागचा हलला नाही तर टाकी १८-२० अंशांपर्यंत ऊबदार करा. तरीही हललं नाही, तर लगेच नवं यीस्ट ओतून उपयोग नाही, ते अल्कोहोलच्या धक्क्यानं मरतं. आधी तळाशी बसलेल्या गाळावरून वाइन दुसऱ्या भांड्यात काढा आणि थोडं सल्फाइट द्या, नाहीतर उरलेल्या साखरेवर लॅक्टिक जिवाणू तुटून पडतात आणि व्हिनेगरची आम्लता चढते. मग अल्कोहोल सोसणाऱ्या जातीचं वेगळं विरजण करून, त्यात अडकलेली वाइन थोडी थोडी मिसळत त्याला सवय लावा. ते जोमात आलं की मुख्य टाकीत घाला.

काळाभोर रंग काढायचा हट्ट

नेब्बिओलोचा रंग मुळात फिका आणि लवकर विटकरीकडे झुकणारा, टॅनिन मात्र भरपूर. रंग येईना म्हणून शेवटी शेवटी जोरात पंपिंग केलं, म्हणजे तळचा रस पंपानं वर सालींवर ओतला, तर रंग फारसा वाढत नाही, बियांचा कडवटपणा तेवढा उतरतो. ढवळण्याचा जोर सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, अल्कोहोल चढलं की हात आखडा.

लाकडाचंही तसंच. नियमाप्रमाणे वाइन किमान २० महिने मुरवायची असते, त्यातले १२ लाकडात. सगळी नव्या लहान पिंपांत घातली तर लाकडाचा व्हॅनिलासारखा वासच बोलत राहतो. मोठी, जुनी पिंपं घ्या, आणि ती नसतील तर नव्या पिंपांचा वाटा कमी ठेवा.