अनेक गटांच्या संघांसाठी बाद पद्धतीचा चषक कसा आखावा

कोल्हापुरात फुटबॉलची स्पर्धा भरवणे ही काही नवी गोष्ट नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांच्यासह वरिष्ठ गटाचे सोळा संघ शाहू स्टेडियमवर हंगामभर कधी साखळीत, तर कधी एखाद्या चषकासाठी एकमेकांशी खेळतात. या सोळा संघांची बाद पद्धतीची सामनापत्रिका येथील कोणताही अनुभवी कार्यकर्ता पाच मिनिटांत मांडून देईल, कारण सोळाचे आठ, आठांचे चार हा हिशेब सरळ आहे. अडचण सुरू होते ती या सोळा संघांबरोबर खालच्या गटांतील आणि तालुक्यांतील संघांनाही एकाच चषकात घ्यायचे ठरते तेव्हा. संघांची संख्या सोळा, बत्तीस, चौसष्ट अशा दुपटीच्या क्रमात बसत नाही, ताकदीत मोठी तफावत असते, आणि मैदान एकच असते. ही आखणी कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, असा चषक खालच्या संघाला खरी संधी मिळावी म्हणूनच भरवायचा असतो, आणि नियमावलीतील प्रत्येक कलम लिहिताना त्या कलमाने ही संधी वाढते की घटते, एवढेच विचारावे.

आधी जगात हे कसे केले जाते ते पाहावे. या प्रकारच्या सर्व चषकांचा मूळ नमुना म्हणजे इंग्लंडचा एफए कप. तो १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा त्यात फक्त १५ क्लबांची नावे होती. आज शेकडो क्लब भाग घेतात, परंतु ते सगळे एकाच दिवशी मैदानात उतरत नाहीत. सर्वांत खालचे क्लब ऑगस्टपासून पात्रता फेऱ्या खेळतात. त्यांतून उरलेले ३२ क्लब आणि तिसऱ्या व चौथ्या श्रेणीचे ४८ क्लब मिळून ८० क्लबांची पहिली मुख्य फेरी होते. त्यातून ४० आणि दुसऱ्या फेरीतून २० क्लब उरतात. तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीग या पहिल्या श्रेणीचे २० आणि चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीचे २४ असे ४४ क्लब येऊन मिळतात आणि बेरीज नेमकी ६४ होते. तेथून पुढे अंतिम सामन्यापर्यंत एकालाही पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश, द्यावी लागत नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या सुपर कपची रचनाही याच तत्त्वावर होती. आयएसएल आणि आय-लीग या देशातील दोन्ही प्रमुख साखळी स्पर्धांतील पहिले सहा-सहा संघ थेट मुख्य फेरीत होते, आणि उरलेल्या आठ संघांनी चार पात्रता सामने खेळून सोळांचा आकडा पूर्ण केला.

यातून पहिला नियम निघतो. आखणी नेहमी अंतिम सामन्याकडून मागे करत यावी. पहिल्या फेरीत किती संघ आहेत येथून सुरुवात केली की पुढे कोठे तरी विषम संख्या येते, आणि ऐन उपांत्यपूर्व फेरीत एखादा संघ न खेळताच पुढे जातो. एफए कपच्या पहिल्याच वर्षी हे घडले होते. उपांत्यपूर्व फेरीत वाँडरर्स आणि क्रिस्टल पॅलेस यांच्यात बरोबरी झाल्यावर दोघांनाही पुढे पाठवण्यात आले, आणि ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब एकही सामना न खेळता थेट उपांत्य फेरीत पोहोचला.

संख्येचा हिशेब

एक सूत्र आधी पाठ करून ठेवावे. बाद पद्धतीत जितके संघ, त्याहून एक कमी सामना होतो, मग पुढे चाल किती दिल्या याला महत्त्व नाही. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो आणि शेवटी एक सोडून सगळे बाहेर पडलेले असतात, इतके हे साधे आहे. त्यामुळे प्रवेशअर्जांची मुदत संपताच सामन्यांची संख्या कळते आणि मैदान, पंच व पोलीस बंदोबस्त यांची मागणी त्याच दिवशी लिहिता येते.

समजा, आपल्या चषकासाठी वरिष्ठ गटाचे १६, त्याखालच्या गटाचे १६ आणि त्याहून खालचे २४ असे ५६ संघ आले आहेत. म्हणजे ५५ सामने. आता मागे यावे. वरिष्ठ संघ ज्या फेरीत उतरतील ती फेरी ३२ संघांची धरली, तर त्यांच्याबरोबर खालून १६ संघ यायला हवेत. ते १६ संघ मिळण्यासाठी आधीच्या फेरीत ३२ संघ हवेत. त्यांतले १६ मधल्या गटाचे आहेतच, म्हणून सर्वांत खालच्या गटातून १६ संघ यायला हवेत. तेथे संघ २४ आहेत. २४ मधून १६ उरवायचे, तर आठ संघ बाद व्हायला हवेत, म्हणजे पहिल्या फेरीत आठच सामने होतील. त्यात सोळा संघ खेळतील आणि उरलेल्या आठांना पुढे चाल मिळेल. फेरीनिहाय सामने ८, १६, १६, ८, ४, २ आणि १ असे होतात, आणि त्यांची बेरीज ५५ येते. बेरीज संघसंख्येपेक्षा एकने कमी आली नाही, तर मांडणीत चूक आहे असे समजून पुन्हा मोजावे.

पुढे चाल फक्त पहिल्या फेरीत द्यावी आणि तीही चिठ्ठी टाकून. गतवर्षीच्या कामगिरीवरून ती देण्याची सूचना हमखास येते आणि वरवर न्याय्यही वाटते. पण वरच्या गटाला उशिरा प्रवेश देऊन कामगिरीचे मोल आपण आधीच चुकते केलेले असते, त्यामुळे एकाच गुणवत्तेला दोनदा सवलत देण्याचे कारण उरत नाही.

सोडत

आपल्या कुस्तीच्या परंपरेत जोड तोलामोलाची लावली जाते. खासबाग मैदानात वस्ताद मंडळी दोन्ही मल्लांचे वजन, वय आणि आजवरच्या कुस्त्या पाहून जोड ठरवतात, आणि तेथे तेच योग्य आहे, कारण प्रेक्षक ती एक कुस्ती पाहायला आलेला असतो. चषकाची गोष्ट वेगळी आहे. येथे जोड माणसाने लावली की ती कितीही प्रामाणिकपणे लावलेली असली, तरी हरलेल्या पेठेचे समाधान होत नाही. म्हणून सोडत सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे.

पद्धत अशी ठेवावी. सोडतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक संघाचा क्रमांक जाहीर करावा. एकाच आकाराचे, एकाच वजनाचे क्रमांकित चेंडू घ्यावेत. घडी घातलेल्या चिठ्ठ्या टाळाव्यात, कारण घडीवरून चिठ्ठी ओळखता येते हा संशय नंतर कोणालाही दूर करता येत नाही. पिशवीत टाकण्यापूर्वी दोन संघांच्या कर्णधारांकडून चेंडू मोजून घ्यावेत. चेंडू काढणारी व्यक्ती कोणत्याही संघाशी संबंधित नसावी. क्रमांक मोठ्याने पुकारावा, फळ्यावर लिहावा, आणि शेवटी त्या फळ्याखाली उपस्थित प्रतिनिधींच्या सह्या घ्याव्यात. इंग्लंडमध्ये १९३५ पासून सोडत रेडिओवर थेट ऐकवली जाऊ लागली. आपल्याकडे आज एका मोबाइलवरून ती सगळ्या शहराला दाखवता येते, आणि ती दाखवावीच.

आता खरा वादाचा मुद्दा येतो. सगळे चेंडू एकाच पिशवीत टाकायचे की दोन? इंग्लंडमध्ये एकच पिशवी असते, त्यामुळे दोन बलाढ्य क्लब तिसऱ्या फेरीतच एकमेकांसमोर येऊ शकतात. डीएफबी-पोकाल या जर्मनीच्या चषकात पहिल्या फेरीत ६४ संघांचे दोन भाग करतात. एका भागात बुंडेसलिगा या पहिल्या श्रेणीचे १८ आणि दुसऱ्या श्रेणीचे वरचे १४ संघ असतात, दुसऱ्या भागात उरलेले ३२, आणि प्रत्येक जोडीत दोन्ही भागांतला एकेक संघ येतो. कोल्हापुरासाठी मी वरिष्ठ संघांच्या पहिल्या फेरीपुरती जर्मन रीत आणि त्यानंतर इंग्लिश रीत सुचवतो. दोन सामने जिंकून वर आलेल्या खालच्या गटातील मुलांना स्टेडियमवर, भरल्या गॅलरीसमोर, एका नामांकित संघाविरुद्ध खेळायला मिळाले पाहिजे. ते त्यांच्या श्रमाचे फळ आहे. मात्र त्यानंतर कोणालाही मानांकन, म्हणजे ताकदीनुसार पत्रिकेत वेगळी जागा, देऊ नये. उरलेल्या १६ संघांत दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांची गाठ लवकर पडली, तर पडू द्यावी. अंतिम सामन्याची गर्दी राखून ठेवण्यासाठी त्यांना पत्रिकेच्या दोन टोकांना बसवणे म्हणजे बाकीच्या चौदा संघांना तुम्ही नावापुरते आहात असे सांगणे होय.

प्रत्येक फेरीनंतर नवी सोडत काढावी की अंतिम सामन्यापर्यंतची पत्रिका एकदाच लावावी, याचे माझे उत्तर मधले आहे. आठ संघ उरेपर्यंत दर फेरीला नवी सोडत असावी. उपांत्यपूर्व फेरीच्या सोडतीत मात्र पुढची सगळी वाट ठरवून टाकावी, कारण तेथून तिकिटे आणि बंदोबस्त यांची तयारी आधी करावी लागते.

बरोबरी सुटली नाही तर

पूर्वी बरोबरी झाल्यास सामना पुन्हा खेळवण्याची रीत होती. क्वीन्स पार्कचे १८७२ मध्ये जे झाले ते येथे आठवावे. लंडनला जाऊन त्यांनी उपांत्य सामन्यात वाँडरर्सला गोलशून्य बरोबरीत रोखले, परंतु फेरसामन्यासाठी तेथे राहण्याचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून ते माघार घेऊन परतले आणि वाँडरर्सने पुढे पहिला चषक जिंकला. फेरसामना लहान संघाला दुसरी संधी देतो असे म्हणतात, पण ती संधी गाडीभाडे असलेल्यालाच घेता येते. एफए कपमध्येही २०२४-२५ पासून पहिल्या मुख्य फेरीपासूनचे फेरसामने बंद झाले आहेत.

राहिला प्रश्न जादा वेळेचा. दिवसाला दोन सामने घ्यायचे असतील, तर घड्याळ समोर ठेवून हिशेब करावा. ९० मिनिटांचा खेळ, १५ मिनिटांचे मध्यंतर आणि वाया गेलेल्या वेळेची पाच मिनिटे धरली, तर एक सामना एक तास पन्नास मिनिटे चालतो. टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टी किकांनी निकाल लावायला, आणखी पंधरा मिनिटे लागतात. पहिला सामना दीड वाजता सुरू केला, तर टायब्रेकरसह तो ३.३५ ला संपतो, दुसरा पावणेचारला सुरू होऊन टायब्रेकरसह ५.५० ला संपतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे यात अर्ध्या तासाच्या जादा वेळेला जागाच नाही. म्हणून उपांत्य फेरीपूर्वी थेट टायब्रेकर ठेवावा, आणि एकच सामना असलेल्या दिवशी, म्हणजे उपांत्य व अंतिम सामन्यांना, जादा वेळ द्यावा. वरिष्ठ संघ आल्यानंतरचे ३१ सामने स्टेडियमवर घेतले, तर पहिले २८ चौदा दिवसांत आणि शेवटचे तीन तीन दिवसांत, असे एकूण १७ खेळाचे दिवस लागतात.

मैदान आणि खेळाडू

फ्रान्सच्या चषकात दोन किंवा अधिक श्रेणींनी खालचा क्लब असेल, तर सामना त्याच्या मैदानावर होतो. याच चषकात २००० साली चौथ्या श्रेणीच्या कॅले क्लबने उपांत्य फेरीत त्या वेळच्या लीग विजेत्या बोर्दोला हरवले आणि अंतिम सामन्यात ते नाँतकडून अवघ्या २-१ ने पराभूत झाले. आपल्या शहरात बहुतेकांचे मैदान एकच असल्याने घरचे मैदान ही कल्पना अर्धीच लागू पडते. तरीही पहिल्या दोन फेऱ्यांचे २४ सामने तालुक्यांत न्यावेत. गडहिंग्लजसारख्या फुटबॉलवेड्या गावात घरच्या लोकांसमोर सामना झाला, तर त्या संघाचा प्रवासखर्च वाचतो आणि शहरातून जाणाऱ्या संघालाही परक्या मैदानावर खेळण्याची सवय होते. मैदानाला कुंपण, कपडे बदलायला दोन स्वतंत्र खोल्या आणि रुग्णवाहिका येण्याइतका रस्ता, एवढे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

तिकिटाच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता उरेल ती रक्कम दोन्ही संघांत सारखी वाटावी. खालच्या गटातील संघाला अशा एका सामन्यातून वर्षभराचे बूट आणि चेंडू मिळू शकतात.

खेळाडूंच्या नोंदणीत एक अट कधीही सैल करू नये. या चषकात एका संघाकडून मैदानात उतरलेला खेळाडू त्याच वर्षी दुसऱ्या संघाकडून खेळू शकणार नाही. ही अट नसेल, तर लहान संघाचा चमकलेला मुलगा पुढच्याच फेरीत मोठ्या संघाच्या जर्सीत दिसतो, आणि ज्यांनी त्याला घडवले तेच त्याच्यापुढे हरतात. बाहेरगावच्या व परदेशी खेळाडूंची मर्यादा प्रवेशअर्जावरच छापावी, ती मध्येच बदलू नये.

सोडतीनंतर माघार घेणाऱ्या संघाच्या जागी दुसरा संघ घेऊ नये, समोरच्याला पुढे चाल द्यावी. तक्रारीची मुदत सामना संपल्यापासून दोन तासांची ठेवावी, ती लेखी असावी आणि तिचा निकाल पुढच्या सोडतीपूर्वी लागलाच पाहिजे. एकदा पुढच्या फेरीचे चेंडू बाहेर आले की मागचा निकाल फिरवणे म्हणजे तिसऱ्याच संघावर अन्याय करणे ठरते. म्हणून फेरीचा शेवटचा सामना आणि सोडत यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, आणि त्या दिवशी मैदानावर गवताला पाणी मारण्याखेरीज दुसरे काहीही ठरवू नये.