पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यातील वास आणि बेडिंगची निवड

माऊस, रॅट, हॅमस्टर, जर्बिल किंवा गिनी पिग यांच्या ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. नाकात झोंबणारा जो वास येतो, तो पुढे काही दिवसांनी तयार होतो. लघवीतील युरिया ओल्या बेडिंगमध्ये, म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेल्या शोषक थरात, पडून राहिला की तिथले जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. या क्रियेला ओल, ऊब आणि वेळ या तीनच गोष्टी लागतात. म्हणून बेडिंग विकत घेताना पाकिटाला कोणता सुगंध येतो हे पाहण्यापेक्षा ते ओल किती शोषते, शोषल्यावर पृष्ठभाग किती कोरडा राहतो आणि ते भिजूनही किती दिवस टिकते, हे पाहावे.

हा प्रश्न केवळ आपल्या नाकाच्या सोयीचा नाही. अमोनियामुळे श्वसनमार्गाच्या आतल्या आवरणाचा दाह होतो. रॅटमध्ये तर मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूमुळे होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार अमोनियामुळे अधिक तीव्र होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. माणसांसाठी कामाच्या ठिकाणी अमोनियाची सरासरी मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) सुचवली जाते. परंतु माणूस काम संपल्यावर घरी जातो, तर पिंजऱ्यातला प्राणी चोवीस तास त्याच बेडिंगपासून बोटभर अंतरावर नाक ठेवून जगतो. त्यातच आपले नाक काही मिनिटांत वासाला सरावते, त्यामुळे खोलीत बसून ‘वास येत नाही’ असे ठरवण्यात अर्थ नसतो. बाहेरून आल्याआल्या पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेऊन, ज्या कोपऱ्यात प्राणी लघवी करतो तिथले मूठभर बेडिंग उचलून हुंगावे. डोळे चुरचुरले, तर बेडिंग बदलण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे.

निवडीआधी प्राण्याची सवय पाहिलेली बरी. जर्बिल हा कोरड्या प्रदेशातला प्राणी असून त्याची लघवी फारच थोडी असते. त्याला शोषकतेपेक्षा बोगदे धरून ठेवणाऱ्या खोल थराची गरज अधिक असते. हॅमस्टर बहुधा एकच कोपरा ठरवून घेतो, त्यामुळे तेवढ्या कोपऱ्यात अधिक शोषक पदार्थ ठेवला तरी काम भागते. गिनी पिगचे मात्र तसे नाही. तो भरपूर आणि जागोजागी लघवी करतो, आणि सतत ओल्या व टणक पृष्ठभागावर राहिल्यास त्याच्या तळपायांना जखमा होतात. नर माऊसच्या बाबतीत आधीच सांगितलेले बरे की त्याचा तो खास उग्र दर्प अमोनियाचा नसून नरपणाची ओळख सांगणाऱ्या द्रव्यांचा असतो. कितीही महाग बेडिंग आणले तरी तो नाहीसा होत नाही.

लाकडापैकी देवदारासारखे सुगंधी लाकूड, म्हणजे बाजारात सीडर म्हणून मिळणारे बेडिंग, सरळ टाळावे. त्याचा जो वास आपल्याला प्रसन्न वाटतो, तो त्यातील उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. अशा मऊ लाकडाच्या बेडिंगवर ठेवलेल्या माऊस व रॅटच्या यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढते, हे 1967 मध्येच दाखवून देण्यात आले होते. पाइन लाकूड भट्टीत नीट वाळवलेले असेल, तर त्यातील ही द्रव्ये बरीच कमी होतात. न वाळवलेले पाइन मात्र घेऊ नये. पाकीट उघडताच राळेचा दरवळ आला, तर ते परत करावे. अ‍ॅस्पेनसारख्या लाकडात अशी द्रव्ये मुळातच कमी असल्यामुळे त्याच्या रंध्याच्या ढलप्या सुरक्षित मानल्या जातात. त्यांची शोषकता मध्यम असली, तरी कागदी बेडिंगमध्ये मिसळल्यावर त्या चांगले काम देतात, आणि माझ्या मते बहुतेक घरांसाठी हेच मिश्रण सर्वांत समंजस आहे.

कागदाच्या लगद्यापासून केलेले बेडिंग मऊ असते आणि ओल झपाट्याने शोषते, पण वास रोखण्याची त्याची ताकद उत्पादनागणिक बदलते. मक्याच्या बुरकुंडांचा भरडा अमोनिया बराच काळ आटोक्यात ठेवतो, म्हणून प्रयोगशाळांत तो आवडीने वापरला जातो. घरी मात्र त्याचे तोटे जाणवतात: तो पायांना टणक लागतो, त्याचे घरटे होत नाही, प्राणी तो खातात, आणि ओला राहिला तर त्यावर बुरशी धरते. दाबून केलेल्या लाकडी गोळ्या पुष्कळ पाणी पितात आणि भिजल्यावर त्यांचा भुसा होतो. त्या वरून पसरण्याऐवजी मऊ थराच्या खाली किंवा शौचाच्या ट्रेमध्ये वापराव्यात. ज्वलनासाठी रसायन मिसळलेल्या गोळ्या अर्थातच चालणार नाहीत. मांजरांसाठीची गोळे धरणारी माती मात्र वापरू नये. पोटात गेल्यास ती तिथेही फुगते.

‘वास नियंत्रित करणारे’ असे छापलेल्या पाकिटांत पुष्कळदा निव्वळ सुवास घातलेला असतो. ज्या प्राण्याचे सारे जग वासावर चालते, त्याला चोवीस तास अत्तरात ठेवण्यासारखे हे आहे. खाण्याचा सोडा मिसळलेले बेडिंगही मला पटत नाही, आणि त्याचे कारण साध्या रसायनशास्त्रात आहे: अमोनिया आम्लारिधर्मी आहे आणि सोडाही आम्लारिधर्मीच, त्यामुळे तो अमोनियाला निष्प्रभ करू शकत नाही, उलट त्याला हवेत सुटायला थोडी मदतच करतो. झिओलाइट हे खनिज अमोनियम कण खरोखर धरून ठेवते. पण त्याची धूळ प्राण्यांच्या नाकात जाणार नाही, याची खात्री असेल तरच ते वापरावे.

दोन बेडिंगांत निवड करायची असेल, तर घरी सोपी चाचणी घेता येते. दोन सारख्या वाडग्यांत प्रत्येकी 50 ग्रॅम बेडिंग घ्यावे, मधोमध एकाच जागी 50 मिलिलीटर पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी वर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबावा. कागद ज्यात कमी भिजेल, त्यात ओल खोल गेली आहे असे समजावे. नंतर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत कोरडे बेडिंग मुठीतून सोडावे: धूळ ढगासारखी तरंगत राहिली, तर ते शोषक असले तरी नको. अमोनियाची खरी परीक्षा मात्र पिंजऱ्यातच होते. प्राण्यांची संख्या, पिंजऱ्याचा आकार आणि सफाईचा दिवस सारखा ठेवून दोन्ही बेडिंगे वापरावीत आणि वास प्रथम कितव्या दिवशी जाणवला हे लिहून ठेवावे.

प्रजननासाठी प्राणी ठेवणाऱ्यांचे निकष थोडे वेगळे असतात. मक्याच्या बुरकुंडांत संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी द्रव्ये आढळली असून, त्यांमुळे रॅटच्या समागमावर व मादीच्या ऋतुचक्रावर परिणाम झाल्याचे दिसून आले आहे. तेव्हा जोड्यांसाठी ते न वापरणेच शहाणपणाचे. माऊस, रॅट आणि हॅमस्टर यांची पिल्ले उघडी, बिनकेसांची जन्मतात, त्यामुळे मऊ आणि घरटे होईल असे कागदी बेडिंग व त्यासोबत बिनवासाच्या टिश्यू कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. कापसासारखे लांब धाग्यांचे साहित्य देऊ नये, कारण ते पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाते. सफाईचे वेळापत्रकही गर्भकाळ पाहून ठरवावे. तो माऊसमध्ये 19 ते 21 दिवस, रॅटमध्ये 21 ते 23 दिवस आणि सीरियन हॅमस्टरमध्ये सुमारे 16 दिवस असतो. पूर्ण बदल विण्यापूर्वी दोन-तीन दिवस उरकून घ्यावा आणि नंतर निदान आठवडाभर घरट्याला हात न लावता फक्त ओला कोपरा काढावा. बिथरलेली मादी पिल्ले मारून खाऊ शकते.

एरवीही सगळे बेडिंग एकदम फेकणे चुकीचे ठरते. स्वतःचा वास नाहीसा झाला की प्राणी घाईने पुन्हा खुणा करू लागतात, आणि नर माऊस तर एकमेकांवर तुटून पडतात. म्हणून ओला भाग रोज किंवा एक दिवसाआड काढावा आणि पूर्ण बदलाच्या वेळी जुन्या घरट्यातले कोरडे मूठभर साहित्य नव्यात ठेवावे. तळाशी बसलेला लघवीचा पांढरा थर पातळ केलेल्या व्हिनेगरने सुटतो. तिथे ब्लीच मात्र ओतू नये, कारण लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू सुटतात, आणि ते आपल्यालाही बाधतात.