कुत्रं सारखं कुंईकुंई करतंय? आधी त्याचे डोळे कुठे आहेत ते बघा

लोक गावाला जाताना आपली कुत्री माझ्याकडे ठेवून जातात. निरोप घेताना जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, "तसा शहाणा आहे हो, फक्त जरा रडतो." त्या 'जरा'वर माझा विश्वास राहिलेला नाही.

आवाज बंद करायच्या मागे लागण्याआधी दुखणं नाही ना, ते तपासा. कालपर्यंत शांत असलेलं मोठं कुत्रं अचानक कण्हायला लागलं, तर शिकवणं तूर्त बाजूला ठेवा. जिना चढताना अडखळतंय? जेवण सोडलंय? शू करायला बसतंय पण होत नाही? गाढ झोपेत असताना छातीची हालचाल मोजा. मिनिटाला ३० च्या वर श्वास जात राहिले तर डॉक्टरांना फोन करा. पोट फुगलंय, उलटीचे उमासे येतायत पण काही पडत नाही, अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. आणि आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी अर्धी करून देऊ नका, ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

दुखणं नाही, फिरून झालंय, भांड्यात पाणी आहे, तरी चालूच? मग डोळे बघा. दाराकडे असतील तर बाहेर जायचंय, नाहीतर बाहेर कुणीतरी आहे. सोफ्याच्या फटीकडे असतील तर चेंडू आत गेलाय (मी तर आवाज आला की आधी वाकूनच बघते). तुमच्यावर खिळलेले असतील आणि मधेच थांबून तुमचा चेहरा वाचला जात असेल, तर महाराजांना काहीतरी वसूल करायचंय.

या हट्टावर "लक्ष देऊ नका" असं सगळेच सांगतात. पण तो अर्धाच उपाय झाला. एक तर "गप्प बस!" म्हणून ओरडणं हेही लक्ष देणंच. दुसरं म्हणजे दुर्लक्ष सुरू केलं की आवाज कमी होण्याआधी वाढतो, आणि नेमकं तेव्हाच घर फितूर होतं. आजोबा हळूच बिस्किट सरकवतात. झालं! आणखी थोडं ताणलं की मिळतं, हे कुत्र्याला कळलं. कधी मिळतं, कधी नाही, ही लॉटरीच सवय सगळ्यात घट्ट करते. म्हणून आधी घरातल्या माणसांची बैठक घ्या, कुत्र्याचा नंबर नंतर.

उरलेला अर्धा उपाय म्हणजे शांतता विकत घेणं. आवाज थांबला की दोन सेकंदांत हळू आवाजात "छान" म्हणा आणि खाऊचा बारीक तुकडा द्या. मग पाच सेकंद थांबा, मग दहा. जेवणाची वेळ यासाठी उत्तम. भांडं खाली नेताना कुंई झाली की भांडं परत वर, गप्प झालं की पुन्हा खाली. बोलायचं काही नाही. भांडंच त्याला शिकवतं.

तुम्ही बाहेर पडल्यावरच रडत असेल तर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. त्रास बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. लाळ गळतेय, दार खरवडलंय, आवडता खाऊ तसाच पडलाय, ही भीती आहे. इथे दुर्लक्ष कामाचं नाही. किल्ली उचला आणि परत बसा. पिशवी खांद्याला लावा, काढून ठेवा. मग दाराबाहेर क्षणभर उभं राहून, ते रडायच्या आत परत या. वेळ हळूहळू वाढवा, मधेच कमीही करा. हे चालू असताना शक्यतो एकटं ठेवू नका. फार घाबरत असेल तर डॉक्टर औषधही देतात, त्यात कमीपणा नाही.

कान मागे, अंग चोरलेलं, जिभेने ओठ चाटत कुंई करणारं कुत्रं तुम्हाला मनवतंय. त्याला रागावलात की ते आणखी रडतं.

लहान पिल्लाचं अंथरूण रात्री तुमच्याजवळ ठेवा. जितके महिने वय, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. त्या हिशेबाने उठून बाहेर न्या, पण दिवा नाही, गप्पा नाहीत, खेळ नाही.

नसबंदी न झालेली मादी माजानंतर दीड-दोन महिन्यांनी खेळणी तोंडात धरून, कोपरा शोधत रडते. ती बहुधा खोटी गर्भावस्था असते आणि काही आठवड्यांत ओसरते. सड गरम किंवा कडक लागले तर मात्र दाखवा. म्हातारं कुत्रं रात्री भटकत, भिंतीकडे बघत कण्हत असेल तर रात्रीचा छोटा दिवा लावा आणि तपासून घ्या. जाताना घरी केलेला व्हिडिओ न्या, कारण तपासणीच्या टेबलावर यातली निम्मी कुत्री तोंडातून आवाजही काढत नाहीत.