नागपुरात पर्माकल्चर पद्धतीने मठ उभारताना या चुका टाळा

पारंपरिक कॅथलिक मठ आणि पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने पाणी, माती, झाडे व वस्ती यांची एकत्र आखणी करण्याची पद्धत, यांचा मेळ ओढूनताणून घालावा लागत नाही. पाणी, चक्की, बाग आणि कारागिरी हे सारे मठाच्या आवारातच असावे, म्हणजे मठवासींना बाहेर भटकावे लागणार नाही, असे संत बेनेडिक्ट यांच्या मठजीवनाविषयीच्या सहाव्या शतकातील नियमावलीच्या ६६ व्या प्रकरणातच सांगितले आहे. घोळ होतो तो कागदावरच्या आखणीत. कारण मठाचा नकाशा युरोपातून येतो, पर्माकल्चरचे धडे ऑस्ट्रेलियातून येतात आणि जमीन मात्र उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात पाणी धरून बसणारी काळी असते.

सर्वांत महागात पडणारी चूक चरांची आहे. उतारावर समतल चर खणून त्यांच्या काठाने फळझाडे लावणे हा पर्माकल्चरचा लाडका उपाय मुरमाड जमिनीत लागू पडतो, खोल काळ्या मातीत नाही. पावसाने माती फुगली की भेगा मिटतात, पाणी मुरणे जवळजवळ थांबते आणि ते चरातच साचते. काठावर संत्रा असेल तर मुळ्या गुदमरतात आणि फायटोप्थोरा या बुरशीसदृश रोगजंतूमुळे डिंक्या रोग येतो. जमिनीलगतची साल तडकलेली, तिच्यातून तपकिरी डिंक ओघळलेला आणि पाने पिवळी पडू लागलेली दिसली, तर खत वाढवून उपयोग नाही. चराला उताराकडे तोंड काढून पाणी वाहते करावे, बुंध्याजवळची माती सारून कलमाचा डोळा (कलम जोडलेली जागा) उघडा करावा, रोगट साल खरवडून बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावा आणि पुढची लागवड उंच गादीवाफ्यावरच करावी. मुळात भर पावसाळ्यात हातभर खोल खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर तिथे चर नको, शेततळ्याकडे वळणारी निचऱ्याची नाली हवी.

दुसरी चूक चौकाची, म्हणजे पडव्यांनी वेढलेल्या आतल्या अंगणाची. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅल मठाच्या नवव्या शतकातील आराखड्यात मठाचा चौक चर्चच्या दक्षिणेला आहे आणि थंड प्रदेशात ते योग्यच आहे. नागपुरात चौक उत्तरेला घेतला की भागले, असे समजले जाते. पण मेअखेरीस इथला सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर असतो, त्यामुळे चर्चची सावली चौकात पडतच नाही. सावली मिळते ती पडव्यांनी, आणि त्यातही चौकाच्या पूर्व अंगाची पडवी सर्वांत खोल हवी, कारण तिचे तोंड मावळतीकडे असते. त्याच आराखड्यातील एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी, ती म्हणजे पश्चिमेच्या अंगाचे कोठार. दुपारचे ऊन त्याच्या भिंतीने झेलले तर आतला चौक वाचतो. फक्त बियाणे तिथे ठेवू नये, कारण ती भिंत तापते. पश्चिमेला झाडेही लावावीत, परंतु भिंतीला खेटून नव्हे. मोठे झाड काळ्या मातीतला ओलावा ओढते, माती आकसते, पाया खचतो आणि भिंतीला तिरके तडे जातात. सेंट गॅलप्रमाणे दफनभूमीत फळबाग करायची असेल, तर ती जागा विहिरीच्या खालच्या अंगाला असावी.

पर्माकल्चरमध्ये जिथे वारंवार जावे लागते ते घराजवळ, अशी पट्ट्यांची आखणी होते. मठात मात्र तिथे कोण जाणार हेही पाहावे लागते, कारण बंदिस्त भागात बाहेरच्यांना प्रवेश नसतो. शेणखताची गाडी, दुधासाठी येणारे शेजारी आणि पाहुणे यांची वाट गोठा, खतखड्डे व पाहुणघर इथेच संपावी आणि पालेभाज्या व औषधी वाफे आत राहावेत. आखणी चुकलीच असेल, तर गोठा हलवण्यापेक्षा फाटक हलवणे स्वस्त पडते.

कामाच्या वेळांचा हिशेबही असाच राहून जातो. प्रार्थनेची घंटा झाली की हातातले काम खाली ठेवायचे असते, त्यामुळे मोकाट पाणी देण्यासारखी अर्ध्यावर न सोडता येणारी कामे इथे चालत नाहीत. ठिबक करावे आणि त्याचे व्हॉल्व्ह चर्चहून भोजनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर बसवावेत. नियमावलीच्या ४८ व्या प्रकरणात उन्हाळ्यातील श्रम सकाळी आणि दुपारी विश्रांती अशी सोय आधीच आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

राहता राहिली द्राक्षवेल. मिस्सेसाठी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी) वाइन द्राक्षाचीच लागते हे खरे, पण विदर्भाच्या पावसाळ्यात केवडा रोगाशी झगडत बसण्यापेक्षा वाइन विकत घ्यावी आणि वेलीची जागा रब्बीच्या गव्हाला द्यावी; मिस्सेची भाकरही गव्हाचीच लागते आणि गहू इथे चांगला येतो.