डावखुऱ्यांनो, हात नाही, कागद फिरवा

मी डावखुरी आहे, अगदी लहानपणापासून, आणि हे लिहितेय ते आपल्यासारख्यांसाठी आणि ज्यांच्या घरात एखादं डावखुरं पोर आहे त्यांच्यासाठी. साधारण १० माणसांमागे १ जण डावखुरा असतो, म्हणजे आपण काही दुर्मिळ नाही, पण वस्तू बनतात त्या उरलेल्या ९ जणांच्या मापाने, आणि मग आपल्याला वाटत राहतं की आपलाच हात नीट वळत नाही. मला कितीतरी वर्षं हेच वाटायचं. 'डावलणं' हा शब्द पण डाव्यावरूनच आलाय, यावर जरा विचार करा. तर काही जमत नसेल ना, आधी ती वस्तू कुठल्या हातासाठी बनवलीय ते बघा, हाताला दोष नंतर द्या.

लिहिण्यापासून सुरू करते. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो त्यामुळे डावा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकत जातो, शाई फिसकटते आणि करंगळीखालची तळहाताची कड निळी होते (माझी दहावीपर्यंत रोज निळी असायची, आणि अक्षर गचाळ म्हणून बोलणी वेगळीच). हे टाळायला बरेच जण मनगट आकड्यासारखं वळवून ओळीच्या वरून लिहायला लागतात आणि अर्ध्या तासात मनगट भरून येतं. उपाय काय, तर कागद फिरवा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ३०-४० अंश तिरका, म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा तुमच्यापासून लांब जाईल असा, आणि कागद छातीच्या मधोमध न ठेवता थोडा डावीकडे. हात ओळीच्या खाली ठेवायचा, मनगट सरळ, पेन टोकापासून ३-४ सेंटीमीटर वर धरायचं म्हणजे काय लिहितोय ते दिसतं. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल पण मग हात बसतो, खरंच बसतो. शिरोरेखा मी उजवीकडून डावीकडे ओढते, कारण डाव्या हाताला पेन ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं, कुणी चूक म्हटलं तरी ओढा, कागदावर रेघ तीच दिसते. शाई पटकन वाळणारी घ्या. स्पायरलची वही असेल तर ती उलटी करून मागून सुरू करा म्हणजे तार हाताखाली येत नाही, आणि दिवा उजव्या बाजूला ठेवा नाहीतर आपल्याच हाताची सावली अक्षरांवर पडते.

आता कात्री. हे नीट वाचा कारण इथे बहुतेकांची फसगत होते. कात्री नुसती दाबल्याने कापत नाही, दोन पाती एकमेकांना घासत गेली तर कापते. उजव्या हातात धरली की अंगठा नकळत पातं बाहेर ढकलतो आणि बोटं दुसरं पातं आत ओढतात, त्याने पाती एकमेकांवर घट्ट बसतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती एकमेकांपासून लांब नेतो, मग कागद कापला न जाता दोन पात्यांत दुमडून बसतो. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेला झाकतं. कात्री उलटी धरून पण काही होत नाही, पाती तशीच राहतात. डाव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं डाव्या बाजूला असतं, घेताना एवढंच तपासा. 'दोन्ही हातांसाठी' लिहिलेलं असतं तिथे बऱ्याचदा फक्त मूठ सारखी केलेली असते, पाती उजवीचीच. आणि हाताशी उजवी कात्रीच असेल तर अंगठा तळहाताकडे ओढायचा आणि बोटं बाहेर ढकलायची, थोडं विचित्र वाटतं पण कापलं जातं.

स्वयंपाकघरात एकाच बाजूने धार लावलेली सुरी असेल तर काप तिरके जातात, म्हणून दोन्ही बाजूंनी धार असलेली घ्या. मापाचा मग पारदर्शक घ्या आणि आकडे दोन्ही बाजूंना असलेला.

माऊस डावीकडे घ्या, पण उजव्या हाताच्या आकाराचा नको, दोन्हीकडून सारखा हवा. बटणं सेटिंगमध्ये जाऊन अदलाबदल करता येतात, मात्र कॉम्प्युटर अनेकजण वापरत असतील तर बटणं आहेत तशीच ठेवून शिकलेलं बरं. फायदा असा की उजवा हात आकड्यांच्या बटणांवर मोकळा राहतो.

स्क्रूचं एक मजेशीर आहे. तळहात वर येईल असं हात फिरवण्यात जास्त ताकद असते, आणि डाव्या हाताची ती दिशा म्हणजे सैल करण्याची. त्यामुळे घट्ट झाकणं उघडायला आपण चांगले, पण स्क्रू पिळायला कमी पडतो, तेव्हा शेवटचे दोन-तीन फेरे उजव्या हाताने मारा. विजेची करवत असेल तर मात्र हट्ट करू नका, एक हात दुसऱ्यावरून आडवा नेऊन ती कधीही चालवायची नाही, तुमच्या हाताला सोयीची मिळेपर्यंत थांबा.

आणि पोरांचं. कृपा करून हात बदलायला लावू नका, हातावर मारू तर अजिबात नका. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग करायचा उजव्या हाताने, टेनिसपटू राफेल नदाल लिहितो उजव्याने आणि टेनिस खेळायचा डाव्याने, तेव्हा कुठल्या कामाला कुठला हात हे मुलाला ठरवू द्या. शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. बुटाची लेस, गाठ, विणकाम असलं काही शिकवताना तुम्ही उजवे असाल तर शेजारी बसू नका, समोर बसा आणि आरशात बघून करायला सांगतो तसं करायला सांगा. माझी भाची शेजारी बसवून शिकवलं तेव्हा रडकुंडीला आली होती, समोर बसवलं तर त्याच संध्याकाळी तिने दोन्ही बुटांच्या लेस स्वतः बांधल्या, मग सोडल्या, आणि परत बांधल्या.