जॉइनिंगच्या आधी फाइल जमिनीवर पसरा

बोटीवर जॉइनिंगचा फोन येतो तो घाईतच येतो, शुक्रवारी फोन आणि मंगळवारी फ्लाइट, आणि मॅनिंगवाल्याने, म्हणजे बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीवाल्याने, 'डॉक्युमेंट्स रेडी ना?' विचारलं की आपण सगळेच 'हो सर' म्हणून मोकळे होतो, फाइल कपाटात कुठल्या अवस्थेत पडलीय ते न बघता. मी सेकंड ऑफिसर आहे, गाव दापोलीकडे, आमच्या वाडीतली बरीच पोरं जीपी रेटिंग (खलाशाचा सुरुवातीचा कोर्स) करून बोटीवर लागतात आणि निघायच्या आधी फाइल घेऊन माझ्याकडे येतात, त्यांना दरवेळी जे तोंडी सांगतो ते आज लिहून काढतोय. हे सगळं सुट्टीच्या पहिल्या महिन्यातच करायचं, फोन आल्यावर नाही.

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक), इन्डॉसचा (खलाशाच्या कायमच्या नंबरचा) कागद, मेडिकल, कोर्सची सगळी सर्टिफिकेटं, ऑफिसर असाल तर सीओसी (अधिकारी म्हणून काम करायचं लायसन्स) आणि जीएमडीएसएस (बोटीवरच्या रेडिओचं सर्टिफिकेट), सगळं जमिनीवर पसरा आणि एका कागदावर फक्त कुठलं कधी संपतंय ते लिहा. तपासताना 'आज चालू आहे का' हे बघूच नका. ९ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर जॉइनिंगच्या तारखेपासून १२ महिने मोजा, कारण रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस, वेळेवर येईलच असं नसतं, आणि त्या तारखेच्या आत जे जे संपतंय ते आजच संपलंय असं समजून कामाला लागा. पासपोर्टला त्याच्यावर अजून ६ महिने धरा आणि कोरी पानं किती उरलीत तेही मोजा. सीडीसी १० वर्षांची असते म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि नेमकी तीच बोटीवर असताना संपते.

पीएसटी आणि एफपीएफएफ, म्हणजे पाण्यातलं आणि आगीचं, यांचं रिफ्रेशर दर ५ वर्षांनी लागतं, ईएफए (प्रथमोपचार) आणि पीएसएसआरला (बोटीवरची सुरक्षितता आणि वागणूक) तसं नाही, पण पीएसएसआरमध्ये १ जानेवारी २०२६ पासून छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा भाग आलाय, त्यामुळे जुनं सर्टिफिकेट असेल तर कंपनीला काय हवंय ते आधीच विचारून ठेवा. टँकरवर जाणार असाल तर बेसिकला ऑइल-केमिकल एकत्र आणि गॅस वेगळं, ॲडव्हान्स्डला मात्र तिन्ही वेगळे, म्हणून आपलं डीसीई (टँकरवर काम करायची परवानगी) कुठल्या टँकरचं आहे ते बघा. आणि पोरांनो, रिफ्रेशरच्या बॅच भरलेल्या असतात, आज फोन केला आणि उद्या सीट मिळाली असं होत नाही.

आता नाव. हा घोळ आपल्याकडे जास्त होतो, कारण आपलं नाव तीन तुकड्यांचं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं येतं, पासपोर्टात वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये जाऊन बसतं, आणि एखादा कोर्सवाला वडिलांचं नाव गाळूनच टाकतो. माझ्या एका सर्टिफिकेटवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त पडला होता, मी दोन वर्षं ते सर्टिफिकेट घेऊन फिरलो आणि मला दिसला नाही, दिसला तो फ्लॅगच्या एन्डॉर्समेंटचा, म्हणजे बोट ज्या देशात नोंदलेली त्या देशाच्या मान्यतेचा, अर्ज परत आला तेव्हा, जॉइनिंगला ३ दिवस उरले असताना. ती बोट गेली, दुसरी मिळेपर्यंत ४ महिने घरी बसलो, आई रोज विचारायची कधी जाणार आणि मला उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी पासपोर्ट डाव्या हाताला ठेवतो आणि प्रत्येक कागदावरचं नाव त्याच्याशी एकेक अक्षर बोटाने दाबत वाचतो, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबरही. पासपोर्ट नवा काढला असेल तर नंबर बदललेला असतो हे विसरू नका, सीडीसी आणि डीजी शिपिंगच्या (भारत सरकारचं जहाजवाहतूक खातं) प्रोफाइलवर जुनाच पडून राहतो.

मेडिकल डीजी अप्रूव्ह्ड डॉक्टरकडूनच, मुदत जास्तीत जास्त २ वर्षं, १८ च्या आतल्यांना १ वर्ष. प्रवासात संपलं तर पुढच्या ज्या बंदरात योग्य डॉक्टर मिळेल तिथपर्यंत चालतं, तेही ३ महिन्यांच्या वर नाही, पण त्या सवलतीवर भरवसा ठेवून निघू नका. यलो फिव्हरची लस एकदा घेतली की २०१६ पासून ती आयुष्यभर धरली जाते, फक्त ती लागू होते १० दिवसांनी, म्हणून जॉइनिंगच्या आठवड्यात धावत जाऊन घेतलेली लस कामाची नाही. पिवळ्या पुस्तकावरचा शिक्का आणि बॅच नंबर नीट उमटलाय ना तेवढं तिथल्या तिथे बघून घ्या.

पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड असला फ्लॅग असेल तर त्यांचं सीमन बुक आणि एन्डॉर्समेंट लागतं. मूळ कागद यायला वेळ लागतो म्हणून सीओसीवाल्यांना आधी अर्ज मिळाल्याची पोच देतात, सीआरए म्हणतात तिला, आणि ती फक्त ३ महिने चालते. तेवढ्यात मूळ एन्डॉर्समेंट बोटीवर पोचलं पाहिजे. दोन महिने झाले की कॅप्टनना जाऊन विचारा, लाजू नका, कारण पोर्ट स्टेटचा इन्स्पेक्टर, म्हणजे बंदर ज्या देशाचं त्याचा तपासनीस, चढला की क्रूच्या सर्टिफिकेटांची फाइल मागतोच आणि तुमच्या एका कागदामुळे अख्खी बोट अडकू शकते.

पैशाचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. जॉइनिंग देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. एमएलसीप्रमाणे (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) नोकरी लावून द्यायचा खर्च खलाशाकडून घेता येत नाही, मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढंच आपल्या खिशातून, व्हिसासुद्धा मालकाच्या खर्चाने. कंपनीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, डीजी शिपिंगच्या साइटवर स्वतः टाकून बघा, एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. आमच्या इथे बागेतली कलमं गहाण टाकून पैसे भरलेली पोरं मी पाहिलीत, पुढे कुठल्या तरी देशात मोडकळीला आलेल्या बोटीवर सहा सहा महिने पगाराविना अडकलेली. एग्रीमेंटवर सही करायच्या आधी पगार, कॉन्ट्रॅक्टचे महिने, ओव्हरटाइम, परतीचं तिकीट कोणाकडे हे वाचा, एक कॉपी स्वतःकडे ठेवा आणि एक घरी.

त्याच एग्रीमेंटमध्ये नेक्स्ट ऑफ किनचा, म्हणजे जवळच्या नातेवाइकाचा, रकाना असतो, तो बघा. लग्न होऊन तीन वर्षं झाली तरी तिथे वारलेल्या वडिलांचं नाव असलेला माणूस माझ्याच बोटीवर होता, आम्ही बसून ते बदलून घेतलं. प्रॉव्हिडंट फंडाचा नॉमिनीही तेव्हाच तपासा.

शेवटी सगळं स्कॅन करून एक सेट स्वतःच्या मेलवर, एक झेरॉक्स सेट घरी आईकडे किंवा बायकोकडे, आणि मूळ फाइल चेक-इन बॅगेत अजिबात नाही, हातातल्या बॅगेतच, वरच्या कप्प्यात पासपोर्ट, सीडीसी, कंपनीचं लेटर आणि एजंटचा नंबर कागदावर लिहिलेला, कारण उतरल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही.