शाळा निवडायला मदत करणारं ॲप बनवताय? आधी पालक कागदावर काय लिहितात ते बघा

शाळांची तुलना करणारं ॲप बनवायचं ठरलं की आपण सगळे आधी डेटाच्या मागे लागतो, कुठून मिळेल, किती शाळांचा मिळेल, आणि मग जे हाताला लागेल ते सगळं स्क्रीनवर मांडून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं होतं. पहिल्या टेस्टिंगला एक आई आली होती, मोठा मुलगा शाळेत जाणारा, आता धाकटीची ॲडमिशन करायची. ती आमच्या ॲपमध्ये एक शाळा उघडायची, एका जुन्या पाकिटाच्या मागे पेनाने काहीतरी लिहायची, बॅक करायची, पुढची शाळा उघडायची. अर्ध्या तासाने मी ते पाकीट बघू का म्हणून विचारलं. त्यावर चार रकाने होते: शाळेचं नाव, सुटायची वेळ, "आणायला कोण" आणि "दोघं एकत्र?". आमच्या ॲपमध्ये प्रत्येक शाळेचे एकवीस मुद्दे होते आणि नाव सोडलं तर तिच्या रकान्यांतलं त्यात काहीच नव्हतं.

म्हणून कोड लिहायच्या आधी आठ-दहा कुटुंबांशी बोला. पण "तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे" असं विचारू नका, त्यावर सगळे शिक्षणाचा दर्जा असंच म्हणतात. विचारायचं ते असं की मागच्या वेळी शाळा शोधताना काय काय केलंत, कोणाला फोन केला, कुठली शाळा यादीतून काढली आणि का. काढलेल्या शाळेचं कारण बहुतेक वेळा खरं निघतं. आणि ही कुटुंबं एकाच साच्यातली नकोत, शिफ्टमध्ये काम करणारे, नुकतेच दुसरीकडून राहायला आलेले, ज्यांच्या मुलाला व्हीलचेअर लागते किंवा शिकताना जास्तीची मदत लागते, ज्यांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, यातले प्रत्येकी एकदोन तरी असू देत.

पहिल्या स्क्रीनवर फक्त तेवढेच प्रश्न विचारा ज्यांच्यामुळे शाळा यादीतून बाद होते: इयत्ता, कुठून यायचं, कसं यायचं, फी किती झेपेल, काही खास गरज आहे का. बस. लॉगिन मागू नका, मुलाचं नाव तर मुळीच मागू नका, त्याची काही गरजच नसते. अंतर सरळ रेषेत मोजू नका, मधे नदी किंवा रेल्वेलाईन असली की एक किलोमीटरची शाळा प्रत्यक्षात चाळीस मिनिटांवर जाते. शाळा भरायच्या वेळेला पोचायला किती मिनिटं लागतात ते दाखवा. आणि फिल्टर लावून शून्य शाळा आल्या तर कोरी स्क्रीन देऊ नका, "वेळ वीसऐवजी तीस मिनिटं केलीत तर चार शाळा दिसतील" असं सांगा, नाहीतर माणूस तिथेच ॲप बंद करतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे यादीचा क्रम. आपल्याला वाटतं सॉर्टचं बटण दिलंय ना, मग झालं. पण फार थोडे लोक ते बटण दाबतात, वर जे दिसतं तेच बघतात. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अल्प उत्पन्न गटातल्या पालकांना त्याच शाळा वेगवेगळ्या पद्धतीने दाखवल्या होत्या, अंतराप्रमाणे लावलेली यादी अभ्यासातल्या कामगिरीप्रमाणे लावली तेव्हा पालकांनी जास्त चांगली कामगिरी असलेल्या शाळा निवडल्या. शाळा त्याच, आकडे तेच, बदलला तो क्रम. त्याच्या आधी, नॉर्थ कॅरोलायनामधल्या शार्लट भागात पालकांना शाळांच्या निकालांचा साधा सोपा कागद दिला होता (त्याचा अभ्यास २००८ मध्ये आला), तेवढ्यानेच चांगल्या निकालाच्या शाळा निवडणाऱ्यांचं प्रमाण ५ ते ७ टक्केबिंदूंनी वाढलं. म्हणजे डिफॉल्ट क्रम ठरवताना तुम्ही लोकांच्या मुलांबद्दलच काहीतरी ठरवत असता, तो टीमने बसून ठरवायला हवा, यादी अशा क्रमाने का लावलीय ते तिच्या वर एका ओळीत लिहायला हवं आणि शाळेकडून पैसे घेऊन तिला वर ढकलणं तर कधीच नको.

मग सगळ्याचा मिळून एक स्कोअर द्यावा का? माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. दहापैकी ७.४ म्हटलं की पालक ७.४ लक्षात ठेवतात आणि त्यात काय काय मिसळलंय ते कोणीच बघत नाही. इंग्लंडमध्ये शाळा तपासणारी ऑफस्टेड ही यंत्रणा सरकारी शाळांना अख्ख्या शाळेबद्दलचा एका-दोन शब्दांचा शेरा द्यायची, तो सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केला. निकाल दाखवतानासुद्धा नुसते मार्क दाखवले तर बऱ्याचदा शाळेत कुठली मुलं येतात तेच दिसतं, शाळेने त्यांना किती पुढे नेलं ते दिसत नाही. त्यासाठी तिथेच २०१६ पासून प्रोग्रेस ८ नावाचं माप वापरायला लागले, त्यात प्राथमिक शाळा संपताना सारखे मार्क असलेल्या देशभरच्या मुलांशी तुलना होते. तुमच्याकडे असा प्रगतीचा आकडा असेल तर तो निकालाच्या शेजारीच ठेवा.

लहान शाळांच्या बाबतीत फार जपून. बारा मुलांच्या वर्गात सगळी पास झाली तर निकाल १०० टक्के, एक नापास झालं की सरळ ९१.७, आणि यादीत ती शाळा धाडकन खाली येते. एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला असेल एवढंच कारण! तीन वर्षांची सरासरी घ्या आणि टक्क्याच्या बाजूला "१२ पैकी ११" असं लिहा, ते कोणालाही कळतं.

तुलनेची स्क्रीन फोनवरच डिझाईन करा, कारण रात्री मुलं झोपल्यावर पालक फोनवरच बघतात. एका वेळी तीन शाळा पुरे, डावीकडचा मुद्द्यांचा रकाना जागेवर राहिला पाहिजे, आणि "फक्त फरक दाखवा" असं एक बटण द्या, तिन्हीकडे मैदान असेल तर ती ओळ कशाला वाचायची. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर अर्थ ठेवू नका, बऱ्याच लोकांना तो फरक दिसत नाही. अक्षर आणि मागचा रंग यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ ठेवा, वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत साध्या मजकुरासाठी तोच आकडा आहे. माहिती नसेल तिथे शून्य टाकू नका, "शाळेने माहिती दिलेली नाही" असं पूर्ण लिहा, आणि प्रत्येक आकड्याखाली तो कुठल्या वर्षाचा आहे ते.

पालकांचे रिव्ह्यू घ्यायचे तर स्टार नकोत. लिहितात ते एकतर खूप खूश असलेले किंवा खूप चिडलेले. त्यापेक्षा नेमकं विचारा, मूल शाळेत आजारी पडलं तेव्हा किती वेळात कळवलं, शिक्षकांना भेटायला वेळ मिळतो का. शिक्षकांची नावं आली तर ती काढून टाका.

ॲडमिशन अर्जात पसंतीक्रम द्यायचा असेल तर त्याचा नियम सोप्या भाषेत समजावणं हेही ॲपचंच काम. बॉस्टनमध्ये जुन्या पद्धतीत पहिल्या पसंतीची शाळा हुकली की दुसऱ्या पसंतीच्या जागाही तोवर भरून गेलेल्या असायच्या, त्यामुळे माहीतगार पालक डाव टाकून क्रम लावायचे आणि मनापासून खरा क्रम लिहिणारे मार खायचे. २००५ मध्ये त्यांनी पद्धत बदलली, गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या, दोन्ही बाजूंची पसंती बघून जोड्या जुळवण्याच्या रीतीवर ती आधारलेली होती, आणि त्यात खरा क्रम लिहिणंच फायद्याचं असतं. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते नीट वाचा आणि त्याप्रमाणेच सल्ला द्या. चिलीमध्ये ज्यांच्या अर्जावरून तसा धोका जास्त दिसत होता त्यांना "कुठेच नंबर न लागण्याचा धोका आहे" असा मेसेज गेला, तेव्हा साधारण पाचातल्या एका कुटुंबाने यादीत शाळा वाढवल्या. असा मेसेज टाकायला फारसं काही लागत नाही, पण वेळेवर गेला पाहिजे, अर्जाची मुदत संपल्यावर त्याचा काय उपयोग.

शेवटी तुलनेचा तक्ता फोटोसारखा सेव्ह करता आला पाहिजे, घरातल्या बाकीच्यांना पाठवायला. आणि त्याच्या खाली दोन ओळी रिकाम्या ठेवा, पालकांना स्वतःचा मुद्दा लिहिता येईल अशा. आम्ही त्या पाकिटावरून ही कल्पना घेतली. लोक तिथे काय लिहितात ते नावगाव काढून दर महिन्याला वाचत जा, आमच्याकडे "सुटायची वेळ" इतक्या वेळा आली की पुढच्या व्हर्जनमध्ये तीच सगळ्यात वरची ओळ झाली.